चाळीस टक्के

मॉडेलच्या जुन्या आवृत्तीत मुंबई नव्हती.
म्हणजे होती, पण समुद्रात.
शंभर किलोमीटरचा एक चौकोन, त्यात पाणी जास्त,
गणिताने कौल दिला: पाणी.
तीन वर्षं मी पवईत, तिसऱ्या मजल्यावर,
कोरड्या खुर्चीत बसून
त्या पाण्याचं तापमान काढत होते.
आईला सांगितलं नाही.
भांडुपच्या घराचा शेवटचा हप्ता
तिने नुकताच फेडला होता.

आता चौकोन बारा किलोमीटरचे आहेत.
वर्सोवा आणि मढ एकाच खणात येतात.
मधली खाडी येत नाही,
खाडीतली फेरीबोट येत नाही,
बोटीवर तिरकी उभी केलेली स्कूटर तर नाहीच.
सगळ्यांना मिळून एक उंची, एक वारा.

एकच सुरुवात मी पन्नासदा देते,
दर वेळी दशांशाच्या पाचव्या घरात
चिमूटभर खोट घालून.
आठवड्याभरात पन्नास वादळं होतात.
बावीस ओमानकडे वळतात,
सात गुजरातेत शिरतात,
वीस आपल्याकडे,
आणि एक, नेहमीच असतं असं एक,
भर समुद्रात स्वतःभोवती फिरत बसतं.
मग आम्ही सरासरी काढतो.
सरासरीसारखा दिवस
अजून कुणी पाहिलेला नाही.

पडताळणीला जुने आकडे लागतात.
कुलाब्याच्या नोंदवह्या, पारा इंचांत,
कारकून धैर्यवान:
चार उघडा, सात काठीसारखा ताठ,
सकाळी दहा, दुपारी चार, रविवारीसुद्धा.
अठराशे सत्त्याण्णवच्या जानेवारीत
चार दिवस कोरे.
शहरात तेव्हा प्लेग होता.
पाचव्या दिवशी आकडे पुन्हा सुरू,
सात वेगळा.

प्रोग्रामने आजूबाजूचं बघून
कोरी जागा भरून टाकली. बरोबरच असेल.
हवेचा दाब कुणासाठी थांबत नाही.
अहवालात ठरलेलं वाक्य लिहिलं,
'निरीक्षण उपलब्ध नाही',
आणि त्यातल्या 'निरीक्षण'वर
बराच वेळ कर्सर लुकलुकत ठेवला.

नोव्हेंबरात धुरपाबाई टपकेंचा फोन.
वर्सोव्याच्या सभेत मी नंबर दिला होता,
द्यायला नको होता.
'बाय, बोंबील वलांडीवर हाय. पावसाचा काय?'
चाळीस टक्के, मी म्हटलं.
'चालीस टक्के म्हंजे
किती बोंबील काडू?'

मी शक्यता म्हणजे काय ते सांगू लागले.
नाणं, फासा, शंभरातले चाळीस शुक्रवार.
त्या ऐकत होत्या. मागे कावळे ओरडत होते.
शेवटी म्हणाल्या, 'बरा.'
वीस वलांड्या होत्या.
त्यांनी मोजून आठ उतरवल्या.

शुक्रवारी रात्री मढला पाऊस झाला.
वर्सोव्यावर आभाळ आलं, थांबलं, गेलं.
माझ्या खणात नोंद पडली: सहा मिलिमीटर.
अंदाज बरोबर.
आमच्या ग्रुपवर कुणीतरी अंगठा दाखवला.

आठ वलांड्यांचे अर्धे ओले बोंबील
ताडपत्रीखाली कुजले.

सोमवारी गेले भेटायला. काय बोलायचं ठरवलं होतं,
आठवलं नाही. त्यांनी राग केला नाही,
ते सोपं गेलं असतं.
'तुजा चौकोन कवरा?' विचारलं.
मी हात पसरून दाखवला: हा किनारा, ती खाडी, तो पलीकडचा मढ.
त्यांनी सावकाश सगळीकडे बघितलं.
'मंग त्यात मी खंय?'

निघताना वर्तमानपत्रात बांधून
उरलेल्या बारातले मूठभर दिले.
सर्व्हरच्या खोलीत एसी अठरावर असतो,
तरी वास तीन दिवस हलला नाही.
सहकारी नाक धरून आत यायचे,
मी नवीन पन्नास सुरू करत होते.

मॉडेलमध्ये शेरा लिहायला रकाना नाही.
म्हणून एक दोनशे पानी वही घेतली.
पहिल्या पानावर, पेन्सिलीने:
मढ ओलं. वर्सोवा कोरडं. आठ वलांड्या.
खाली तारीख, सत्तावीस.
सात जरा वाकडा आला.