टिपणी, दीड पान

अधिवेशन सोमवारी. मुंबईच्या लोखंडी पेट्या
व्हरांड्यात येऊन पडल्यात, त्यांच्यावर चहाचे कप.
ढबाले साहेब म्हणाले, लांजेवार मॅडम,
तांडापेठेच्या मतदानावर दीड पान द्या,
वित्तीय परिणाम, कायदेशीर परिणाम.
विशेषणं नकोत.

तर विशेषणांशिवाय:
देशी दारूचं दुकान, एक.
मतपत्रिकेवर चित्रं दोन, उभी बाटली, आडवी बाटली.
शिक्का बायकांनीच मारायचा.
यादीत बायका दोन हजार सहाशे चौदा.
आडवीला बाराशे एकोणनव्वद.
उभीला एकेचाळीस. बाद नऊ.

कुणालाही विचारा, कोण जिंकलं.
मलाही तेच वाटलं, म्हणून आकडे पुन्हा मांडले.
नियम आलेल्यांचे अर्धे मोजत नाही,
यादीतल्यांचे अर्धे मोजतो.
तेराशे सात हव्या होत्या.
अठरा कमी.

म्हणजे जी आली नाही ती उभ्या बाटलीची.
डागा हॉस्पिटलात जी त्या सकाळी बाळंत झाली, ती.
जिला मालकानं यंत्रमागावरून सोडलं नाही, ती.
जिच्या दाराला बाहेरून कडी होती, ती तर आहेच.
बाटलीला काही करावं लागत नाही.
उभं राहायचं फक्त.

आता वित्तीय.
परवाना फी, शुल्क, कर, सगळं जमेच्या बाजूला,
लेखाशीर्ष शून्य शून्य तीन नऊ.
दुकान उठलं तरी पैसा बुडत नाही,
परवाना दुसऱ्या गल्लीत सरकतो,
गिऱ्हाईक तीनशे पावलं जास्त चालतं.
साहेब म्हणाले, मग लिहा, परिणाम निरंक.
लिहिलं.

मेयोतली खाट, रात्री दोनचा ऑटो,
विकलेली गॅसटाकी, शाळेतून काढलेलं पोरीचं नाव,
हे कुठल्या शीर्षाखाली घालायचं ते शोधलं मी,
जाड पुस्तकात, चष्मा दोनदा पुसून.
शीर्ष नाही.
मग रकमाही नाहीत.

दुपारी कौसल्या निमजे आली, अर्जावरची पहिली सही तिची.
मोर्च्यासाठी रस्ते अडवलेले, टेकडीपासून पायी आली होती.
हातात यादीची झेरॉक्स, हिरव्या पेनाच्या फुल्या.
"मॅडम, ह्या सत्तावीस जणी मेल्या आहेत जी.
मेलेल्या बाया शिक्का माराले कशा येतीन?"

अनुक्रमांक सहाशे बेचाळीस, यमुना पराते.
गेली तेव्हा बत्तीसची.
यादी दर जानेवारीला तिचं वय एकानं वाढवते,
आता एकोणचाळीस.
यादीत तिच्या कानाजवळ पांढरं दिसू लागलं असेल,
सुईत दोरा ओवायला ती पोराला हाक मारत असेल,
आणि त्या रविवारी ती मुद्दाम घरी बसली
असं नियम धरून चालतो.

ती कशानं गेली ते कौसल्यानं सांगितलं.
एकच शब्द. विशेषण नव्हतं,
तरी दीड पानात बसला नाही.

मी सत्तावीस वजा केल्या. भागले. पुन्हा भागले.
मेलेल्यांना माफ केलं तरी पाच कमी.
हे तिला सांगताना मी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला
आणि उगाच म्हणाले, मी त्रिमूर्तीनगरात राहते,
माझं नाव तुमच्या यादीत नाही.
ती पाणी प्यायली.
"पाच बाया तं एका नळावर भेटते," म्हणाली,
"आता नाही तं पुढच्या साली."

वर्षभर पुन्हा मतदान नाही, हे मी टिपणीत आधीच लिहिलं होतं,
परिच्छेद चार, सुवाच्य.
पाच नंबरचा परिच्छेद माझ्या कामात येत नाही:
खालच्या निवडणूक शाखेत जाऊन मी नमुना सात मागितला,
नाव वगळण्याचा, सोबत मृत्यूचा दाखला जोडावा.
सत्तावीस कोरे.

तिनं थुंकी लावून मोजले, पिशवीत घातले,
दारातून परत फिरली.
"दोन-चार जास्तीचे द्या जी.
साल मोठं असते."

मी गठ्ठ्यातून हाताला आले तेवढे दिले.