अर्थ

पत्रा सरळ झाला, रंगही जुळला,
विम्यानं पैसे दिले : दाराचे, बंपरचे.
पण चाकूरच्या त्या वळणापासून
डावा इंडिकेटर दिला की वायपर हलतो
कोरड्या काचेवर, खरखर.

उदगीरचा वाजिद टेस्टर दातात धरून म्हणतो,
"कुठंतरी अर्थ लागूलालाय, सर,
पण गावंना."
मी नववीला मराठी शिकवतो.
हसलो नाही.
चौथा रविवार. आता तो मजुरी सांगत नाही,
चहा सांगतो.

रात्री अंगणात हॉर्न आपोआप वाजतो,
एकदाच, आखूड.
हेमलता झोपेतच पाय दाबते,
तिच्या बाजूला ब्रेक असल्यासारखा.

मी उठून बॅटरीची वायर काढून येतो.
गाडी गप्प.
चादरीखाली तिचा पाय
अजून ताठ.