सहभागी क्रमांक चार

शुक्रवारी आराखडा द्यायचा आहे
आणि बुधवार निम्मा संपलाय
माटुंग्याच्या कँटीनमध्ये, इडलीच्या ओल्या ताटांत.

ग्लेनच्या लॅपटॉपवर चार रकाने:
प्रश्न, पद्धत, कोण काय करणार, कधी.
तिसरा सगळ्यात आधी भरला.
अर्शिया वाचन, तेजोमय आकडे,
ग्लेन नमुना बांधणार, माझ्याकडे ‘लोक’.
प्रश्नाचा रकाना कोराच.
हॉल बुक झालाय, मुलगी बघायचीय अजून,
अर्शिया म्हणते.

विषय तेवढा ठरलाय. लिफ्ट.
पुनर्वसनाच्या इमारतींतलं ते काचेचं सपाट पॅनल,
ज्यावरचे आकडे डोळ्यांना दिसतात
पण बोटांना लागत नाहीत.
ग्लेनला ती आवाजावर चालवायचीय.
तेजोमयला बारा जण हवेत, साठीपुढचे,
प्रत्येकी वीस मिनिटं, चुका मोजायच्या.
‘वापरकर्ता गोंधळतो,’ अर्शिया टाइप करते,
आणि त्या वाक्याखाली लाल रेघ येते
ती फक्त शुद्धलेखनाची.

मी सांगितलेलं नाही
की चुनाभट्टीच्या त्या चौदा मजल्यांतला
अकरावा माझा.
की वापरकर्ता मला ‘बाय’ म्हणतो
आणि संध्याकाळी विरजण मागायला येतो.

दमयंती घाग. नववा मजला.
तीस वर्षं पालिकेच्या सफाई खात्यात,
एका डोळ्यात मोतीबिंदू,
दुसऱ्यात अख्ख्या इमारतीचा हिशेब.
ताबा मिळाला त्या आठवड्यात तीनदा
भलत्याच दाराला चावी लावून बसल्या.
चौथ्यांदा कपाळावरची टिकली काढली,
खड्याची, मुगाएवढी,
आणि चिकटवली नऊच्या शेजारी.
आकड्यावर नाही हं. शेजारी.
‘वर लावली तर काचेला बोट कळत नाही गं.’
हेच मी पुढे तिसऱ्या सत्रात
आकृतीसकट पुन्हा शिकले, सहा गुणांसाठी.

मग सहाला आलं शर्टाचं बटण,
बाराला बांगडीचा तुकडा, धार घासलेला,
चौथ्यावरच्या अन्सारीचाचांचा एम-सीलचा ठिपका.
तळमजल्याला कुणी काही लावलं नाही.
खाली जायला खूण लागत नाही.
सेक्रेटरी दर एक तारखेला ब्लेडने खरवडतात,
दोन तारखेला सगळं जागच्या जागी.
फक्त सहाचं बटण गेल्या दिवाळीनंतर
परत आलं नाही. तेव्हा कळलं,
ते सावळेकाकांचं होतं.

हे सगळं मी बोलून टाकते, एका दमात.
इडल्या गार. ग्लेन लॅपटॉप अर्धा मिटतो.
‘म्हणजे नमुना तयारच आहे,’ तेजोमय म्हणतो,
जरासा हिरमुसून.
‘मग आपण काय करायचं?’
पहिला आठवडा काही नाही.
लिफ्टमध्ये उभं राहायचं, वर जायचं, खाली यायचं,
कुणी म्हणालं ‘जरा सरका’, तर सरकायचं.
अर्शिया हे टाइप करायला घेते
आणि थांबते. याला पद्धत म्हणायचं?
कोणालाच माहीत नाही.

रात्री संमतीपत्र घेऊन नवव्यावर.
मी वाचून दाखवते: आपली ओळख गुप्त ठेवली जाईल,
अहवालात आपला उल्लेख
‘सहभागी क्रमांक चार’ असा होईल.
‘का गं बाय? चोरी केलीय मी?
टिकली माझी. अक्कल माझी. नाव घाल की.’
मी नियम सांगते. समितीचं नाव सांगते.
त्या ऐकतात, जसं पालिकेत तीस वर्षं ऐकलं तसं,
आणि सहीच्या जागी लिहितात
दमयंती सीताराम घाग,
चौकटीच्या बाहेर, पार समासापर्यंत.

वर जायला लिफ्टमध्ये शिरते तर दिवा गेलेला,
पॅनल काळं, आकडा एकही दिसत नाही.
हात फिरवते काचेवर.
खडा लागतो.
तिथून वर मोजते, एक,
दोन.