उघाडी

इनासमामाच्या वहीला अजून
बंदूक पुसायच्या चिंधीचा वास येतो.
डावीकडे तारीख, मग भरतीची वेळ,
उजवीकडे मेलेल्यांची मोजणी:

२ डिसेंबर ५९. भांगाचं पाणी.
तलवार ४, थापट्या ७, हळदी-कुंकू १, मादी.

मादीखाली रेघ आहे. का, ते लिहिलेलं नाही.

कांजूरच्या मागे मिठागर संपलं की खाजण.
तिथली उघाडी मामा राखायचा.
पाऊस सरता सरता फळी बसवायचा,
गोडं पाणी कोंडायचा,
खेकड्यांनी बांधाला पाडलेली भोकं
पेंढा कोंबून चिखलानं लिंपायचा.
कुणी हटकलं तर म्हणे,
"पाहुणे यायचेत. अंथरूण नको?"
आणि अंथरुणातच त्यांना टिपायचा.

दहा वर्षांची मी, हे त्याला तोंडावर बोलले.
तो पिसं उपटत होता.
"आधी खाऊन बघ, मग रड."
खाल्लं. रडलेही.
बाटलीचा मसाला जरा जहाल होता त्या दिवशी.

मग कायदा आला. बंदूक चौकीत गेली.
मामा दोन हिवाळे नुसताच बांधावर जाऊन बसला,
तिसऱ्याला गुडघे गेले.
फळी कुजली, गोडं पाणी ओहोटीबरोबर चालतं झालं
आणि कुणी एक छर्रा न झाडता
बदकं यायची थांबली.

आज सुनावणी. कंपनीचा वकील, गुळगुळीत नकाशा.
"जमीन कोरडीच होती साहेब, पडीक.
पाणथळ होती, याला पुरावा?"

संस्थेची पोरं माझ्याकडे बघतात.
पक्षी मोजतात ती, मुंगीलाही वळसा घालतात.
वही पहिल्यांदा उघडली तेव्हा
त्यांतली एक उठून बाहेर गेली होती.

मी वही पुढे सरकवते.
चौदा हिवाळे. अकराशे बारा बदकं.
मरायला आली तरी
उतरायला प्रत्येकाला पाणी लागलं होतं.

साहेब भरतीच्या रकान्यावरून बोट
खाली खाली नेतात. पान उलटतं.
मध्ये दबलेलं एक पीस पंख्याच्या वाऱ्यानं उठतं
आणि शिक्क्याच्या ओल्या शाईवर बसतं.
"हे पण दाखल करायचं का?" कारकून विचारतो.
कुणीच काही बोलत नाही.

पुढची तारीख पडली.
परतताना भांडुपच्या वखारीत शिरले,
फळीचा भाव विचारला.
"सागाची की ऐनाची, मावशी?"
पाण्यात टिकेल ती.