पाटोद्याकडच्या ओढ्यात

वेग विचाराल तर बैलाच्या चालीचा.
पवनचक्कीकडं जाताना कोरड्या ओढ्यात
काळा धोंडा खालून लागला
आणि समोरच्या दोन्ही उशा फुटल्या.
फटाका नव्हे, त्याहून कोरडा आवाज.
गाडीभर पांढरी भुकटी, जळका वास,
हारुणभाईचं मनगट सोललेलं.

रोज तो माझ्या मांडीवरचा डबा
मागं ठेवायला लावायचा. मी हसायचो.
आज डबा मागंच होता,
नाहीतर झाकण दातांत असतं.

धोंड्याला ओरखडासुद्धा नाही.
लोंबत्या पिशव्या, रिकाम्या पखालीगत,
त्यानं सुरीनं कापल्या, घडी घातली.
"डांबरीवर लागल्या असत्या," म्हणाला,
"इथंच खर्चल्या."

मग बीडपर्यंत
एकाही ट्रकला त्यानं
ओव्हरटेक केलं नाही.