खटका

दार ढकलून सिल्वी आत येते तेव्हा
तिच्या बुटांबरोबर अर्धं सुपीरियर सरोवर आत येतं
आणि वितळतं. मी बोलत नाही,
पायाने पोतं पुढे सरकवतो.

"मागे तीन रिमोट हवेत. बाबांच्या ट्रॅक्टरला.
आहे तो एकच, तोही गळका."
बिलाच्या पाठीवर काढलेलं चित्र काउंटरवर ठेवते :
चौकोन, बाण, एक मोठं प्रश्नचिन्ह.

लोक आधी भाव विचारतात.
मी आधी विचारतो, तेल निघतं कुठून, जातं कुठे.
काही पंप काम नसलं की दाब धरून गप्प बसतात.
हा तसला नाही. एकोणऐंशी सालचा, निळा.
इंजिन चालू तोवर तेल फिरतच राहणार,
काम असो नसो,
आमच्या गावातल्या म्हाताऱ्यांसारखं.
त्याला मधून वाट मोकळी ठेवावी लागते.

"आणि वाल्व्हच्या पुढे काय?"
"पुढे?"
"तेल इथून थेट टाकीत, की पुढे कुणी वाट बघतंय?"
ती डोळे मिटते, ट्रॅक्टरखाली जाऊन येते.
"मागची उचल."
मग ही बाही हवीच. अंगठ्याएवढी, पोलादी.
नाहीतर पुढचा सगळा भार परतीच्या तोंडावर येतो
आणि बीड तडकतं.
एकाने चाळीस डॉलर वाचवले होते असेच.
त्याच्या गोठ्याच्या आढ्याला अजून डाग आहे.

पहिला दांडा पात्यासाठी.
त्याला तरंगती जागा असू दे :
पुढे सारून ठेवला की तेल दोन्हीकडे मोकळं,
ना रेटा ना ओढ,
पातं जमिनीच्या कलाने चालतं, दगड आला की उठतं.
तिसरा मोटरचा. त्याला खटका,
आणि बंद केल्यावर तेल कोंडता कामा नये,
फिरतं चाक हळूहळू थांबू द्यावं, माणसासारखं.

दुसरा लाकूड फोडायला.
"त्यालाही खटका द्या," ती म्हणते. "बाबांनी बजावलंय.
दांडा धरून ठेवणं होत नाही त्यांना.
ऑक्टोबरपासून उजवा हात…"
वाक्य तिथेच ठेवते.

मी यादीवर पेन टेकवतो, लिहीत नाही.
खटका म्हणजे दांडा अडकून राहतो.
हात सुटला तरी पाचर पुढे सरकतच राहते,
ओंडका असो, हातमोजा असो, तिला काय.
हे तोंडाने बोलायला दहा वर्षांची ओळखही
पुरी पडत नाही.

तेवढ्यात आर्वो स्वतःच येतो,
गाडीतला हीटर सोडून. नमस्कार-चमत्कार नाही.
नमुन्याचा वाल्व्ह जवळ ओढतो,
दांड्यावर उजवा हात डाव्याने उचलून ठेवतो,
दाबतो. बोटं निसटतात.
टक्. दांडा मधोमध.
पुन्हा. टक्.
चार-पाचदा. दुकानात दुसरा आवाज नाही.

"हा आपला आपण परत येतो," तो म्हणतो.
"हो. आत स्प्रिंग आहे."
"माझ्या हातात बसवता?"

सिल्वी खिडकीकडे बघते.
मी हसू की नको, ठरेपर्यंत
तोच बोटाने माप दाखवतो :
"दांडा चार इंच लांब कर. जोर कमी लागेल.
मुठीचं मी बघतो, घरी बर्चचं लाकूड आहे."

दुसरा : स्प्रिंग. मी लिहितो.
आट्यांचं विचारतो, निमुळते नकोत, ओ-रिंगचे घ्या.
सहा कपलर, सहा टोपणं,
होज मोजून, वळणाला हातभर जास्त.
बेरीज दोनदा चुकते.

ती दोघं गाडीत बसतात. गाडी हलत नाही.
वायपर एकदा फिरतो तेवढ्यात दिसतं :
म्हातारा समोर हवेत हात नेतोय,
काहीतरी दाबतोय,
सोडतोय.
मग काच पुन्हा पांढरी.