तीन मिनिटं

माझं काम साधं. तीन दिव्यांची पेटी:
हिरवा, पिवळा, आणि तांबडा लागला की घंटी.
बाहेर कॅन्ससचा वारा
गव्हाच्या उंच कोठारांना धडका देत होता,
आत विद्यार्थी-भवनात दोनशे खुर्च्या,
आणि वाद एवढाच, की कमरेला, दप्तरात, सदऱ्याआड
पिस्तूल बाळगून वर्गात बसू द्यावं का.
प्रत्येकाला तीन मिनिटं.

केंड्रा स्टकी पहिली. नर्सिंगचं तिसरं वर्ष.
रात्री अकराला वॉर्डातली पाळी संपते, म्हणाली,
गाडी पार तिकडे, रेल्वे रुळांच्या कडेला.
गेल्या मार्चात तिथले दिवे बंद होते,
म्हणाली, आणि पुढचं बोललीच नाही.
एक मिनिट चाळीस सेकंद उरले होते.
नियम असा की वक्ता उभा असेतो घड्याळ चालू.
मी चालू ठेवलं.
हिरवा गेला, पिवळा आला, कुणी खोकलंसुद्धा नाही.

मग हॉलब्रुक सर, सेंद्रिय रसायन.
"नापास झालेल्याला मी खोलीत बोलावतो, दार लावून घेतो,
पोराला धड रडता यावं म्हणून.
आता दार उघडं ठेवू
की टेबल मधे ओढू?"
लोक हसले. सर हसले नाहीत.

एक बाप आला होता तीन तास गाडी हाकत,
व्हर्लिन उनरू, हाताला ग्रीसचा वास.
"तुमचे पोलीस म्हणतात, सहा मिनिटांत पोचतो."
माझ्या पेटीकडे बोट केलं:
"म्हणजे ह्या दिव्यांच्या दोन फेऱ्या.
मोजून बघा."
आणि सव्वा मिनिटात खाली बसला.

डस्टिन वेल्टी, लष्करात दोन खेपा करून आलेला,
आता इतिहास शिकतो, मागच्या बाकावर, भिंतीला पाठ लावून.
तो म्हणाला, "गोळी सुटल्यावर
आपला कोण नि परका कोण,
हे मला नाही कळलं एकदा.
आणि मला शिकवलेलं होतं."
त्याच्यावर घंटी वाजवताना माझा हात जड झाला.
तरी वाजवली.

मला कुणी विचारलं नाही.
वेळ मोजणाऱ्याला मत नसतं, पगार असतो.
आमच्या घरी बंदूक होती, स्वयंपाकघराच्या दारावर,
हरणांच्या मोसमात वडील खाली उतरवायचे,
एरवी आई तिच्यावर फडका मारायची,
जसा घड्याळावर मारायची, तसाच.
तिला मी कधी भ्यालो नाही.
ती कुठे आहे हे ठाऊक होतं ना.
झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात;
झाकल्या खिशाचा भाव कुणी करायचा?

साडेदहाला सभा उठली. ठराव पुढच्या महिन्यावर.
मी खुर्च्या रचत होतो.
सातव्या रांगेत एक कोट राहिलेला,
करडा, लोकरी, एका बाजूला ओघळलेला.
उचलला तर उजवा खिसा जड.

थर्मास असेल.
भूगर्भशास्त्राची पोरं दगड घेऊन फिरतात, तसला एखादा दगड.
चाव्यांचा जुडगा, जाडजूड पाकीट,
कुणाच्या आजीने दिलेली मुरंब्याची बाटली.

एकोणीस वर्षं मी ह्या भवनात
विसरलेल्या कोटांच्या खिशात हात घालत आलोय,
नाव सापडावं, फोन करावा म्हणून.
हातमोजे निघालेत, प्रेमपत्रं निघालीत,
एकदा तर जिवंत कासव.

आज हात खिशाच्या तोंडाशी गेला
आणि थांबला.

ठराव अजून व्हायचाय.

कोट मी दोन बोटांनी धरून खुंटीला लावला,
दिवे मालवले,
आणि बाहेर वाऱ्यात उभा राहिलो
बराच वेळ,
कुणी परत येतंय का बघत.